आठेच जानं शे

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की रस्ता, गाडी, अपघात याबद्दल मनात जे काही असेल ते लिहून पाठवा. मला वाटलं पाच-सात पत्रं येतील. आली ती वाचायलाच चार रात्री लागल्या, अन् दोन पत्रं तर मी अर्धी वाचून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुढची वाचली, इतकं जड वाटलं.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी आपल्या खान्देशातल्याच एका सरकारी दवाखान्यात २६ वर्षं नर्स होते, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत. अपघाताचा पेशंट आला की मागोमाग नातेवाईक धावत यायचे अन् त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आठेच तर जानं व्हतं त्याले," म्हणजे इथेच तर जायचं होतं त्याला. डेअरीवर दूध घालायला, मळ्यात डबा द्यायला, पिठाची गिरणी, पोरीला क्लासवरून आणायला. पुण्याला निघालेला माणूस हवा चेक करतो, देवाला नमस्कार करतो, आई त्याला दहादा "सावकाश जा" म्हणते. आठेच जाणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, तो चप्पल घालून निघतो. या वेळच्या पत्रांमध्ये हे वाक्य मला परत परत दिसलं म्हणून तेच वर नाव दिलं.

ताई, मी भुसावळला राहतो, घर ते ड्युटी ३ किलोमीटर. मे महिन्यात आमच्याकडे ४५ डिग्री असतं हे तुम्हाला सांगायला नको. हेल्मेट घातलं की डोकं शिजतं, घामानं केस गळायला लागले, बाजूचा हॉर्न ऐकू येत नाही. गावात मी ४० च्या वर चालवतच नाही, हायवेला लागलो की घालतो. सगळे रुमाल बांधून फिरतात, हेल्मेटवाल्याला हसतात. माझं चुकतंय का?
एक वाचक, भुसावळ

चुकतंय भाऊ. ऊन खोटं आहे असं मी म्हणणार नाही, मी पण इथलीच आहे, दुपारी बारानंतर आपला डांबरी रस्ता कसा तापतो ते मला माहीत आहे. पण ४० चा हिशोब जरा बघा. गाडीवर बसल्यावर तुमचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. गाडी उभी आहे, वेग शून्य, आणि तिथून तुम्ही नुसते आडवे झालात तरी डोकं ताशी १९-२० किमीच्या वेगानं रस्त्यावर आपटतं. हा नुसता पडण्याचा वेग झाला, गाडीचा त्यात धरलेलाच नाही. कवटीला फुटायला हायवे लागत नाही. माझ्या समोर एक जण आला होता, वय पन्नाशीच्या आसपास, गल्लीत वाळूवर गाडी स्लिप झाली, अंगावर खरचटलेलं सुद्धा नव्हतं, फक्त डोकं फुटपाथच्या कडेला लागलेलं. तो गेला. बायको बाहेर बाकड्यावर भाजीची पिशवी घेऊन बसली होती.

केंद्र सरकारचा २०२२ चा आकडा आहे, त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. त्या पन्नास हजारांत १४,३३७ तर मागे बसलेले होते. म्हणजे मागे बसलेली बायको, आई, मित्र. कायद्यानं चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागच्याला पण, हे आपल्याकडे अजून कोणाच्या गावीच नाही.

आता उन्हाचं. डोक्याला पातळ सुती रुमाल किंवा कॉटनची टोपी बांधा आणि वरून हेल्मेट घाला, घाम रुमालात जातो, रुमाल रोज धुवा, केसांची तक्रार बरीच कमी होते. पांढरं किंवा फिक्या रंगाचं घ्या, काळं नको, आणि ज्याला पुढून हवा आत जायला भोकं आहेत असं घ्या. गाडी उन्हात लावून आरशाला हेल्मेट टांगून ठेवलं तर ते तापणारच, ते सोबत आत न्या. ऐकू येण्याचं म्हणाल तर हॉर्न हेल्मेटमधून ऐकू येतो, मी स्वतः स्कूटी चालवते. कानात इअरफोन घातलेल्याला मात्र खरंच येत नाही.

विकत घेताना आयएसआयचा मार्क बघा, त्याच्या वरच्या बाजूला आयएस ४१५१ लिहिलेलं असतं. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना मिळतं ते पोलिसांसाठी असतं, डोक्यासाठी नाही. आतला जो थर्मोकॉलसारखा थर असतो ना, आपटल्यावर तो स्वतः दबतो आणि धक्का खातो, काम तो थर करतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. आणि खालचा पट्टा लावा हो. पट्टा न लावलेली हेल्मेटं मी पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात बघितली आहेत, डोक्यावर नाही. हसणाऱ्यांचं काय करायचं विचारता? त्यांना हसू द्या, चार दिवस हसतील.

माझा मुलगा सोळाचा आहे, अकरावीला. क्लास तालुक्याला, ६ किमी. त्याच्या वडिलांनी त्याला गाडी दिली आहे, त्यांना अभिमान आहे की पोरगं बाराव्या वर्षीच ट्रॅक्टर शिकलं. मी बोलले की म्हणतात तू घाबरट आहेस, सगळ्यांची पोरं चालवतात. संध्याकाळी यायला उशीर झाला की मी दारात उभी असते. त्यांना कसं समजवू?
एक आई, चोपडा तालुका

माय, तुम्ही घाबरट नाहीत. पोराला गाडी चालवता येते यात मला शंका नाही, खेड्यातल्या पोरांचा हात आणि पाय चांगला बसलेला असतो. पण गाडी सांभाळता येणं वेगळं अन् समोरच्याचं काय चुकणार आहे हे आधी ओळखणं वेगळं, ते वयानं येतं, त्यात मागे दोन मित्र बसले की सोळाव्या वर्षीचा मेंदू फक्त मित्रांना काय दिसेल एवढंच बघतो.

यजमानांना काळजीच्या भाषेत सांगून झालं असेल तर आता कागदाच्या भाषेत सांगा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९अ नावाचं कलम आलं आहे. अल्पवयीन मुलाकडून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरतात, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि त्याच्या गाडीखाली दुसऱ्या कोणाचं पोर आलं तर विमा कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करायला मोकळी असते, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. म्हणजे शेत विकायची वेळ. हे वाक्य वडील लोकांना लवकर कळतं असा माझा अनुभव आहे.

पण नुसतं बंद करा म्हणून चालणार नाही, पोराला क्लासला तर जायचंच आहे. एसटीचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, क्लासची वेळ बसला जुळत नसेल तर त्याच गावची चार-पाच पोरं असतीलच, त्यांचे आईबाप एकत्र बसून एक रिक्षा महिन्यानं लावा, किंवा क्लासवाल्या सरांनाच जाऊन भेटा की बॅच अर्धा तास अलीकडे घ्या. एका घरानं म्हटलं तर ऐकणार नाहीत, पाच घरांनी म्हटलं तर ऐकतील. अठरा झाले की रीतसर लर्निंग काढून द्या, अन् वडिलांनाच सांगा तुम्ही शिकवा. त्यांचा अभिमान पण राहील.

रस्त्यावर अपघात दिसला की माझा पाय थांबतो पण मन म्हणतं नको, पोलीस विचारतील, कोर्टाच्या तारखा, दवाखान्यात पैसे भर म्हणतील. मागच्या महिन्यात मी असाच पुढे निघून गेलो अन् अजून ते डोक्यातून जात नाही.
अमळनेर

तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. बहुतेक जण विसरून जातात.

ही भीती आता जुनी झाली आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि पुढे ते मोटार वाहन कायद्यातच १३४अ म्हणून आलं. तुम्ही जखमीला दवाखान्यात नेलं तर तुमच्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, पैसे भरायला कोणी लावू शकत नाही, तुम्ही त्याला सोडून लगेच निघू शकता. साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना पण आहे, अपघातग्रस्ताला पहिले ७ दिवस दीड लाखांपर्यंतचे उपचार, यादीतल्या दवाखान्यात. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला आता २५,००० रुपयांचं बक्षीस सुद्धा ठेवलं आहे. बक्षिसासाठी कोणी थांबेल असं मला वाटत नाही, पण सरकार तुम्हाला आरोपी समजत नाही एवढं त्यातून कळतं.

काय करायचं ते सांगते, हे कापून गाडीच्या डिकीत ठेवलं तरी चालेल. आधी १०८ ला फोन, ती फुकट आहे, नॅशनल हायवे असेल तर १०३३ पण. गावाचं नाव नुसतं सांगू नका, कोणता फाटा, कोणता पेट्रोल पंप, किलोमीटरचा दगड दिसत असेल तर तो आकडा. मग पाणी पाजू नका. आपल्याकडे गर्दी जमली की पहिला माणूस बाटली घेऊन येतो, प्रेमानंच येतो, पण बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं, आणि शुद्धीत असला तरी त्याला ऑपरेशन लागू शकतं म्हणून पोट रिकामंच बरं. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा अन् सारखं उचलून बघू नका. हात-पाय धरून उचलून बसतं करू नका, मान अन् पाठ सरळ रेषेत राहिली पाहिजे, नाहीतर वाचलेला माणूस जन्मभर पलंगावर पडतो. श्वास चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका.

आणि एक गोष्ट जी मी जीव तोडून सांगते. डोक्याला मार लागलेला माणूस कधीकधी उठून बसतो, कपडे झटकतो, चहा पितो, "काही नही व्हयनं" म्हणून घरी जातो. मग दोन-चार तासांनी डोकं खूप दुखतं, उलटी होते, झोप यायला लागते, घरचे म्हणतात झोपू द्या, दमलाय. त्याच्या कवटीच्या आत रक्त साठत असतं. वेळेत सीटी स्कॅन झालं अन् ऑपरेशन झालं तर असा माणूस वाचतो. तेव्हा डोक्याला लागलं असेल अन् क्षणभर जरी शुद्ध गेली असेल तर तो कितीही नाही म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्याच.

ताई, ८ महिने झाले. हळदीचा कार्यक्रम करून साक्रीकडून रात्री धुळ्याला येत होतो, मी चालवत होतो, मित्र मागे. हेल्मेट एकच होतं अन् ते माझ्या डोक्यावर होतं. रस्त्यात बंद पडलेला ट्रक होता, लाईट नाही, इंडिकेटर नाही. मी ७० वर असेन. मला पायात रॉड टाकला, तो जागेवरच गेला. आता पाय बरा आहे पण रात्री दोन-तीनला तोच आवाज येतो आणि मी उठून बसतो. डिझेलचा वास आला तरी छातीत धडधडतं. गाडीवर बसत नाही, रिक्षात पण घाम फुटतो. घरचे म्हणतात देवाची कृपा तू वाचला, त्याची वेळ भरली होती, आता विसर. त्याची आई आमच्याच गल्लीत राहते, मी दुसऱ्या गल्लीनं फिरून जातो. कधीकधी वाटतं मीच गेलो असतो तर बरं झालं असतं.
वय २६, धुळे

दादा, तुझं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. म्हणून आधी त्याचंच. हा अंक हातात असेल तेव्हाच १४४१६ ला फोन लाव, टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला, बहीण असेल, काका असेल, जो तुला "विसर" म्हणणार नाही अशा एकाला हे वाक्य जसंच्या तसं सांग. तो विचार परत आला तर एकटा राहू नको.

आता बाकीचं. तुला जे होतंय ते वेड लागलंय म्हणून होत नाही अन् तू कमजोर आहेस म्हणून पण नाही. इतका मोठा धक्का मेंदू जुन्या आठवणींच्या पेटीत ठेवत नाही, तो समोरच ठेवतो, जणू ते अजून चालूच आहे. म्हणून वास, आवाज, रात्र, काहीही लागलं की अंग तयार होतं पळायला. अपघातानंतर पहिला महिनाभर हे बहुतेक सगळ्यांना होतं अन् आपोआप कमी होतं. महिन्यानंतरही असंच चालू राहिलं तर मात्र तो आजार असतो, त्याला नाव आहे, उपचार आहेत, आणि तुझे तर ८ महिने झाले. सिव्हिलला मानसिक आजारांची ओपीडी असते, तिथे जा, डॉक्टरांना पायाबद्दल सांगतोस तसंच झोपेबद्दल सांग. बोलून-बोलून, थोडं-थोडं त्या आठवणीजवळ नेऊन उपचार करतात, लागल्यास गोळ्या देतात. पायात रॉड टाकला तेव्हा तू लाजला नाहीस ना, मग यात पण लाजू नको. दारू झोपेसाठी घेत असशील तर थांबव, तू लिहिलेलं नाही पण मी अशी पोरं बघितली आहेत, तिनं झोप लागते अन् तीनला परत तोच आवाज दुप्पट येतो.

तुझे घरचे म्हणतात वेळ भरली होती. ते प्रेमानं म्हणतात, त्यांच्यावर रागावू नको. माझं स्वतःचं मत विचारशील तर मला हे वाक्य आवडत नाही. गेलेल्याच्या आईला त्याचा आधार मिळत असेल तर मी तिच्यासमोर त्याला नाही म्हणणार नाही. पण तुला त्यानं बरं वाटत नाही कारण तुला माहीत आहे की त्या रात्री काही गोष्टी माणसांच्या हातात होत्या. ट्रकवाल्यानं मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवायला हवा होता. हेल्मेट दोन हवी होती. आणि ७० च्या वेगाला दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुद्धा ५० मीटर लागतात, बाईकचा लाईट लो बीमवर जेमतेम तेवढंच दाखवतो, म्हणजे तुला तो ट्रक दिसला तेव्हा थांबायला जागाच उरलेली नव्हती. तुझा वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही, ते खोटं तुला लगेच कळेल अन् मग तू माझ्यावर पण विश्वास ठेवणार नाहीस. तुझा वाटा होता, पण तो सगळा नव्हता. तू त्याला मारायला निघाला नव्हतास, तू त्याला घरी आणत होतास. त्या अर्ध्या सेकंदात निवड करायची वेळच कोणाला नव्हती. आपल्या वाट्याचं आपण उचलायचं, ट्रकवाल्याचं अन् अंधाराचं पण आपल्याच डोक्यावर घेऊन मरायचं नाही.

त्याच्या आईकडे जा. आपल्याकडे दारावर जायची रीत उगाच नाही पडली. पोलीस केस चालू असेल तर आधी वकिलाशी एकदा बोलून घे, आणि एकटा जाऊ नको, घरातलं मोठं कोणी सोबत ने, आधी निरोप पाठव. ती रडेल. कदाचित ओरडेल, कदाचित म्हणेल पुन्हा येऊ नको, ते पण ऐकून घे. कसं झालं ते समजावत बसू नको, स्वतःची बाजू मांडू नको. त्याचं नाव घे. बाकी लोकांनी तिच्यासमोर त्याचं नाव घेणं बंद केलेलं असतं, तिला दुखेल म्हणून, अन् आईला त्याचंच जास्त दुखतं. माझ्या ओळखीची एक बाई आहे, पोरगा जाऊन ११ वर्षं झाली, ती मला म्हणाली होती की त्याचा जो मित्र वाचला तो एकच आहे ज्याला माझ्या पोराचं शेवटचं हसणं माहीत आहे, अन् तोच येत नाही.

गाडीचं घाईनं नको. आधी बंद गाडीवर दोन मिनिटं बस. मग गल्लीत, दिवसा. डॉक्टर सांगतील तसं. नाहीच बसलास तरी काही बिघडत नाही, बस आहे.

मला परत लिही.

मालक शेतातून मोटारसायकलीनं येत होते, टेम्पोनं उडवलं. साडेतीन महिने झाले. दीर म्हणतात केस करून माणूस परत येतो का, तडजोड करून टाक. टेम्पोवाला ५० हजार घेऊन आला होता अन् कागदावर सही मागत होता. मला दोन मुली आहेत. मला पैसे घ्यायची पण लाज वाटते, लोक म्हणतील नवऱ्याचे पैसे खाल्ले.
एरंडोल तालुका

सही करू नका. ताई, कुठेच, कोऱ्या कागदावर तर नाहीच.

लाज कसली? तुमचे मालक आज असते तर मुलींच्या शाळेचे पैसे त्यांनीच कमावले असते ना, ते जे पुढच्या पंधरा-वीस वर्षांत घरी आणणार होते त्याचा हा हिशोब आहे. मुलींचा हक्क आहे तो, टेम्पोच्या विम्यातून येतो, कोणाची भीक नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा टाकायला आता कायद्यानं अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, १ एप्रिल २०२२ पासून ही लागू झाली, आधी अशी मुदत नव्हती म्हणून गावात लोक अजून "कधी पण टाक" म्हणून सांगतात. तुमच्याकडे अडीच महिने आहेत. (ज्यांची मुदत निघून गेली असेल त्यांनी पण वकिलाला विचारल्याशिवाय घरी बसू नका.) दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणात पण टाकता येतो. कागद लागतील ते एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा (पीएम) रिपोर्ट, टेम्पोचं आरसी अन् विमा, तुमच्या मालकांच्या वयाचा पुरावा, उत्पन्नाचं जे काही असेल ते, सातबारा, दूध डेअरीचं पुस्तक सुद्धा चालतं. चूक कोणाची हे न शोधता ठरलेले ५ लाख मिळायचं कलम पण आहे, १६४, पण ते घेतलं की मोठा दावा बंद होतो, म्हणून कोणता मार्ग धरायचा ते वकिलाशी बोलून ठरवा. ज्यांना गाडीनं उडवून ती पळून गेली, सापडलीच नाही, त्यांच्या वारसांना २ लाख अन् गंभीर जखमीला ५० हजार सरकारकडून मिळतात, तो अर्ज वेगळा.

वकिलाला पैसे नाहीत असं म्हणू नका, बाईला उत्पन्न कितीही असो, कायद्यानं वकील फुकट मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा किंवा १५१०० ला फोन करा. याशिवाय शेतकरी कुटुंब असाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख असतात, तालुका कृषी अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा, आणि उशीर झाला म्हणून अजून उशीर करू नका. मालकांच्या बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कटलेले दिसतात का ते पण बघा, दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आणखी २ लाख, बँकेत जाऊन विचारा.

दिरांना वाईट समजू नका, त्यांना कोर्टाची भीती वाटत असेल. पण जाताना माहेरचं कोणीतरी सोबत घेऊन जा.

दरवर्षी चैत्रात आमची दिंडी पायी सप्तशृंगी गडावर जाते. ऊन टाळायला रात्री चालतो. यंदा काय काळजी घ्यावी?
पारोळा

रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, समोरून येणारी गाडी तोंडासमोर दिसली पाहिजे, पाठीमागून येणारी दिसत नाही अन् तीच उडवते. एका मागे एक. पुढच्या अन् मागच्या माणसाला चमकणारं जॅकेट, मागच्याच्या हातात लाल लाईट, बाकीच्यांच्या पिशवीला रेडियमची पट्टी. डीजेची गाडी सोबत असेल तर आवाज एवढा ठेवा की मागचा हॉर्न ऐकू येईल. आणि झोप आली की रस्त्याच्या कडेला आडवं व्हायचं नाही, मंदिर किंवा शाळा गाठायची. थकलेल्यांना परत आणताना पिकअपमध्ये दाटीवाटीनं भरू नका. किनगावजवळ फेब्रुवारी २०२१ मध्ये पपईच्या ट्रकवर बसून घरी येणारे १५ मजूर गेले, रावेर भागातली माणसं होती, मालावर माणूस बसवला की गाडी उलटल्यावर माल त्याच्याच अंगावर येतो.

आमच्याकडे ऊस अन् कापसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. माझ्या स्वतःच्या दोन आहेत. रेडियम लावा असं सगळे म्हणतात पण नेमकं कुठे, कोणत्या रंगाचं? अन् ट्रॉली रस्त्यात पंक्चर झाली तर काय करावं?
शेतकरी, शहादा

तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

पुढे पांढरं, बाजूला पिवळं, मागे लाल. हे रंग उगाच नाहीत, अंधारात येणाऱ्याला रंगावरून कळतं की तो कोणत्या बाजूला बघतोय. मागची पट्टी ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीला, कडेपासून कडेपर्यंत लावा, नुसता मधे एक तुकडा लावला तर मागच्याला ती बाईक वाटते. ऊस बाहेर लोंबतो अन् पट्टी झाकते, म्हणून जिथे उसाचं टोक येतं तिथे बांबूला लाल कापड अन् रेडियम बांधून लटकवा. दर आठ दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसा, आपल्या धुळीत रेडियम पंधरा दिवसांत आंधळं होतं. बैलगाडी असेल तर तिच्या मागच्या फळीला अन् चाकाच्या आऱ्यांना पण लावा.

पंक्चर झालं तर होईल तेवढी ट्रॉली डांबराच्या खाली घ्या. मागे ५० पावलांवर एक अन् १०० पावलांवर एक असे दोन त्रिकोण ठेवा, ते बाजारात मिळतात, जाता-येता गाडीत असू द्या. नसतील तर एक माणूस टॉर्च घेऊन मागे उभा करा, रस्त्यावर नाही, कडेला.

आपल्याकडे काय करतात तर दगड ठेवतात. नांगराला लागलेले मोठे दगड, झाडाच्या फांद्या, ओळीनं. आणि चाक बदललं की घाईत निघून जातात, दगड तिथेच. माझा मोठा भाऊ २००३ साली अशाच दगडांवर गेला. ट्रॉली नव्हती, कोणी नव्हतं, मोकळा रस्ता अन् मधे चार दगड, पहाटे साडेचार वाजता, डेअरीची किटली मागे बांधलेली. दगड ठेवणारा माणूस वाईट नसेल, त्याला कधी कळलं पण नसेल. म्हणून तुमच्या दोन्ही ड्रायव्हरांना एवढं सांगून ठेवा की ट्रॉली हलवायच्या आधी एक माणूस खाली उतरून मागे जाईल, जे जे ठेवलं ते मोजून उचलेल, अन् मग गाडी सुटेल.